शेल्यापलीकडचा दिवा

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तुझ्या हॉटेलात जेवले, पण तोंडाची चव गेली. आईच्या हातचा डाळिंबी शेला गल्ल्यामागे काचेत टांगलायस आणि वर तो ढणढणता दिवा! शेजारी तळणीचा धूर. किळस आली, दादा. आईने विणलेला हा एकच शेला उरलाय, आणि आता तिच्या बोटांना माग झेपत नाही. संग्रहालयात दिवसभर मी विटलेली कापडं सांधते, म्हणून सांगते ते ऐक. उजेड रंग खातो. शेला उतरव आणि पेटीत ठेव. मे महिन्यात आई तो बघायला तुझ्याकडे यायचं म्हणतेय.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

ता. १२ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र उघडलं आणि ठसकाच लागला! अगं, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, शेला कुणी विणला, आणि मी छाती फुगवून सांगतो. तो कसा उतरवू? पण तुझा शब्द अगदीच मोडला नाही. मोठा दिवा काढून जांभळी नळी लावली. इतकी मिणमिणती, की वाढप्याला पायाखालचं दिसत नाही. पण शेल्याची पांढरी किनार काय चमकते म्हणून सांगू! उजेड म्हणजे लाटा, हे घोकून शाळेत असताना तूच माझं डोकं खाल्लं होतंस. जांभळ्याची लाट सगळ्यात लहान; आणि लाट लहान, तर तडाखाही लहान. आहे की नाही तुझा भाऊ शहाणा?

आईला औषध वेळेवर देत जा. पत्र लिही, शिव्यांचं असलं तरी चालेल.

तुझा,
दादा

ता. २० एप्रिल

दादास,
नमस्कार आज राहू दे.

काल तू बाजारात गेलेला असताना वहिनींना सांगून शेला घेऊन आले. डाळिंबी कसला, पोतेऱ्याचा रंग झालाय! तुझ्या शहाणपणाची शिसारी येते. अर्धंच ऐकलंस आणि तेवढंच धरून बसलास. उजेड येतो लाटेसारखा, पण आदळतो दाण्यादाण्याने. तांबड्या उजेडाचे दाणे हलके, ढीगभर पडले तरी रंगाचं फारसं बिघडत नाही. जांभळ्याचा आणि त्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा दाणा जड. तो एकटाच रंग फोडतो. तुझी नळी मिणमिणती वाटली, कारण तिचा बराचसा उजेड आपल्याला दिसतच नाही.

शेला आईच्या हातात दिला. तिने उलटसुलट केला आणि कुणाचं फडकं उचलून आणलंस, म्हणून मलाच विचारलं. मग दिवेलागणीला जुन्या सवयीने वीण बघायला तिने तो डोळ्यांशी धरला आणि त्यातून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. मीही डोकावले. लहानपणी आपण दोघं भांडून बघायचो, तेच दिसलं : एका दिव्याभोवती फुलीसारखे मांडलेले कितीतरी दिवे, कडांना रंग. बारीक विणीतून जाताना उजेडाच्या लाटा अशा फाकतात. वीण तीच, म्हणून दिवेही तेच. बराच वेळ बघून ती म्हणाली, की वीण तिचीच आहे. आणि मग विचारलं, रंग कुणी घालवला.

मी तुझं नाव घेतलं नाही. शेला कुणी विणला, हे गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत होतास ना? आता इथे ये आणि तो कुणी विटवला, ते आईला सांग.

तोवर माझ्याकडे लोभ मागू नकोस.

ठकी