लुंका सेकारीला जाणाऱ्या बसमध्ये एक जागा

प्रति,
मा. नगराध्यक्षा,
नगरपालिका कार्यालय, पोयेनित्सा.

विषय : संत दिमित्रू चर्चच्या मदतपथकासोबत शनिवारी पूरग्रस्त लुंका सेकारी गावी जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : चर्चच्या दारावर लावलेली आपल्या कार्यालयाची सूचना, "तीन वर्षांखालील मुलांच्या मातांना पथकात घेऊ नये."

सोबत : धनुर्वाताच्या इंजेक्शनची पावती, सासूबाईंचे संमतिपत्र, आईचा फोटो (जुना आहे, आता केस पांढरे).

महोदया,

विषय वर एका ओळीत लिहिला आहे, पण तो एका ओळीत मावणारा नाही. म्हणून पुढचा मजकूर लांबला आहे. तो शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. मी या गावची रहिवासी असून माझे शिक्षण अर्थशास्त्राच्या पदवीपर्यंत झाले आहे. मला सावीना नावाची दीड वर्षाची मुलगी आहे. माझी आई पारास्किवा झाहारिया लुंका सेकारी येथे नदीकडच्या शेवटच्या घरात एकटी राहते. राहते, असेच मी लिहीत आहे. पूर आल्यापासून तिचा फोन लागत नाही. शाळेत हलवलेल्या लोकांत तिचे नाव नाही आणि सापडलेल्या मृतांतही नाही. आपल्या मदतकक्षातील बाई मला फोनवर म्हणाल्या, "नाव नाही म्हणजे चांगलंच की हो!" दोन्हीकडे नाव नसण्यात चांगले काय, हे विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

२. नियमामागचा हेतू मला कळतो. लहान मुलाच्या आईने चिखलात जाऊ नये, हे सूचना वाचण्याआधीही मला माहीत होते. मुलीला सासूबाई सांभाळणार आहेत. संमतिपत्रावर सही करताना त्या म्हणाल्या, "जा, पण परत ये. एक मूल मोठं केलंय मी, दुसऱ्यासाठी आता अंगात बळ नाही." त्यांचे बोलणे असे असले तरी संमती पूर्ण आहे. माझे पती कोर्नेल इटलीत बांधकामावर असतात. त्यांचे म्हणणे, "तू जाऊ नकोस, मी येतो." कधी, असे विचारल्यावर म्हणाले, "सोमवारी." बस शनिवारी सकाळी सुटते.

३. तयारीत मी कुठेही कमी पडलेली नाही. इंजेक्शन घेतले आहे. पतीचे गमबूट पुढे वर्तमानपत्र कोंबून घातले की बसतात. शाळेतील व्यायामशिक्षक सांदेल सर पथकाचे प्रमुख आहेत. त्यांनी चर्चमागच्या सभागृहात सर्वांना शिकवले ते मी सर्व लक्ष देऊन ऐकले. तुटलेल्या तारेला हात लावायचा नाही, विहिरीचे पाणी तोंडात घ्यायचे नाही, पाय टाकायच्या आधी काठी टाकायची. "काठी आत गेली तर जाऊ दे, तू मागोमाग जाऊ नकोस," असे ते म्हणाले तेव्हा सगळे हसले. मला त्या रात्री काठीच दिसत राहिली.

४. आता बादलीबद्दल, ज्यासाठी खरे तर मी सकाळपासून लिहायला बसले आहे. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या नावाने नवी बादली कुणाला तरी देतात आणि तिच्या कडीला नवा टॉवेल आणि मेणबत्ती बांधतात, हे आपणास मी सांगायला नको. पथकाने प्रत्येक घरासाठी, वर नाव लिहून, एक बादली भरली आहे. साबण, फडकी, ब्रेड, डबाबंद मासे. मेणबत्त्या सगळ्याच बादल्यांत आहेत, पण आत, काडेपेटीशेजारी, कारण गावात वीज नाही. मंगळवारी बादल्या ओळीने लावताना माझ्या आईच्या घरच्या बादलीला मेणबत्ती बाहेर दिसली. कडीला, टॉवेलासकट.

बादल्या भरण्याचे काम अग्लाया मावशींकडे आहे. मी विचारले, "मावशी, हे कोणी बांधलं?"

"अगं बाई! माझाच हात असणार. आयुष्यभर बादल्या बांधल्या त्या तसल्याच गं. हाताला सवय."

बायका हसल्या, मीही हसले. पण चुकून बांधलेली मेणबत्ती माणूस चटकन सोडतो. मावशींनी ती सोडली नाही. तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकीनेही पुढे होऊन सोडली नाही. शेवटी मीच सोडली. बुधवारी पाहिले तर पुन्हा बांधलेली होती, या वेळी दुहेरी गाठीने. तेव्हा मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे गं पोरी. झालं असेल तर उपयोगी पडेल, आणि नसेल झालं तर टॉवेल तरी नवा आहे."

मंगळवारपासून मला कोणी जड उचलू देत नाही. सभागृहात पाठ असलेली एकच खुर्ची आहे, तिच्यावरून एरवी भांडणे होतात, ती आता माझ्यासाठी रिकामी ठेवतात. मी आत शिरले की बोलणे थांबते आणि कोणीतरी मोठ्याने हवेबद्दल काही म्हणते. त्यांना काही कळले आहे का, की मला वाटते तेच त्यांनाही नुसते वाटते आहे, हे मला विचारवत नाही.

५. या कारणास्तव मी काल आपल्या कार्यालयात माझ्या आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. दाखला दाखवला असता, तर निदान गाठ सुटली असती. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "हयातीचा ना? मग आईंना घेऊन या." मी म्हटले, त्यांना आणण्यासाठीच बसमध्ये जागा हवी आहे. "मग जागेचा अर्ज करा, बाई. ही त्याची खिडकी नाही." म्हणून हा अर्ज. शक्य असल्यास याच अर्जावर आपण शिक्क्यानिशी एवढे लिहून द्यावे की, उलट काही कळेपर्यंत सदर महिला जिवंत समजण्यात यावी. एवढ्या एका वाक्याने मला शनिवारपर्यंत झोप लागेल.

६. मीच का जावे, असे आपण विचाराल. गेल्या हिवाळ्यात मीटर तपासायला आलो म्हणून दोन अनोळखी पुरुष आईच्या घरात शिरले आणि तिचा रेडिओ व बाबांचे घड्याळ घेऊन गेले. तेव्हापासून दारात पुरुषाचा अनोळखी आवाज आला की ती आतून अडसर घालते, माळ्यावर चढते आणि श्वास रोखून बसते. पोस्टमनलासुद्धा ओ देत नाही. मी मात्र माझे घरातले नाव घेऊन "आई, मी आहे गं, मान्दा," म्हटले की शिव्या देत खाली येते, "एवढा उशीर? सूप गार झालं!" शनिवारचा कार्यक्रम सांदेल सरांनी असा आखला आहे की दाराशी तीन हाका मारायच्या, ओ आली नाही तर बादली पायरीवर ठेवून पुढच्या घरी जायचे. एका दिवसात सगळे गाव व्हायचे आहे, त्यांचे काही चुकत नाही. पण ती माळ्यावर असेल, महोदया. ती हाका ऐकेल आणि गप्प बसेल. पावले दूर गेली की खाली येईल, दार उघडेल, आणि आपल्याच दारात आपल्याच नावाची टॉवेल बांधलेली बादली पाहील. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सबब, मला एक जागा मिळावी. बसायची नसेल तर उभी राहीन. तीही नसेल तर खालच्या सामानाच्या कप्प्यात बादल्यांशेजारी मावेन, मी अंगाने बारीक आहे आणि मला गाडी लागत नाही.

७. शेवटी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती लपवून मिळवलेली परवानगी मला नको. मला पोहता येत नाही. पाण्याची मला लहानपणापासून भीती वाटते, आणि त्या माळ्याच्या शिडीची आज त्याहून जास्त वाटते. आपण हा अर्ज नामंजूर केलात तर मला हायसे वाटेल. मी मुलीला घेऊन घरी बसेन, नियमाला दोष देईन, आणि बस परत येईपर्यंत आई माझ्यापुरती जिवंतच राहील. हे मला किती हवेसे वाटते ते माझे मलाच ठाऊक. आपणही आई आहात असे ऐकते. माझ्यावर दया म्हणून नकार देऊ नये. मला पाठवावे.

निघायला तयार, आणि तितकीच घाबरलेली,

(सही)
स्मरांडा प्रिकोप
पोयेनित्सा, गुरुवार, १९ सप्टेंबर