खेळण्यातल्या गाडीला होडीचं ग्रीस

बाबा, मी कणकवलीच्या स्टॅंडवर बसलोय. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी काय काय केलं ते सांगायला घेतलं तर ही वही पुरायची नाही. आंब्याच्या पेट्या ठोकल्या, हॉटेलात भांडी घासली, गोव्यात स्कूटर भाड्याने देणाऱ्याकडे राहिलो. तिथला एक म्हातारा शिट्टी वाजवून कावळे बोलवायचा, पण ते राहू दे. कुठेच वर्ष भरलं नाही, एवढंच. कालपर्यंत मात्र मला वाटत होतं की ह्या खेपेला भरेल.

इथे रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. त्यांच्याकडे दोन महिने मी झाडलोट करत होतो, चहा आणत होतो आणि मधूनमधून उघडलेल्या वस्तूंत डोकं घालत होतो. एक दिवस जामसंड्याचे एक कलमवाले, म्हणजे आंब्याचे बागायतदार, खेळण्यातली गाडी घेऊन आले. हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवर चढण्यासाठीच केलेली. भावाने परदेशातून धाडलेली. पन्नाशीचा माणूस लुंगी खोचून ती बागेतल्या गडग्यांवर, दगडी कुंपणांवर चढवतो आणि गडी आंबे सोडून बघत उभे राहतात, असं ते स्वतःच हसत सांगत होते. आता तिचं स्टेअरिंग जड झालं होतं. डावीकडे कशीबशी वळायची, उजवीकडे कुरकुरून अर्ध्यातच थांबायची. अण्णांना असल्या खेळात रस नाही. ते मला म्हणाले, तीन दिवस घे, वळली तर खिडकीकडचं टेबल तुझं, नाहीतर झाडूसुद्धा ठेव आणि जा.

टेबल, बाबा. स्वतःचा दिवा आणि तारा जोडायला स्वतःचं सोल्डरिंग आयर्न असलेलं.

पहिले दोन दिवस मी वाया घालवले. बॅटरी बदलली, रिमोट उघडला, त्यातल्या तारा इतक्या सुबक होत्या की अर्धा दिवस त्याच बघत बसलो. चाकं वळवणारी जी छोटी मोटर असते, तीच बिघडली असं धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आठवलात. तुम्ही होड्या दुरुस्त करायचात त्या बंदरावरची ती दुपार. एका होडीचं सुकाणू जड झालंय, मी दोरी ओढून ओढून बघतोय आणि तुम्ही बिडी बाजूला ठेवून म्हणताय, "आधी सोडव, मगे बघ. बांधलेल्यातलो दोष गावाचो नाय." बांधलेल्यात दोष सापडत नाही म्हणून तुम्ही दोरी सोडलीत, सुकाणू नुसत्या हाताने फिरवलंत आणि दुखणं कुठे आहे ते लगेच कळलं. मग मीही मोटरीची दांडी चाकांपासून सोडवली. मोटर एकटी भराभर फिरली. चाकं हाताने वळवून पाहिली तर ती जड. म्हणजे मोटर बरी होती, दोष चाकांच्या सांध्यात होता. सांधे उघडले तर आतले बुश, दांडी ज्यात फिरते त्या बारीक नळ्या, लाल मातीने भरलेले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. रस्त्यावर जाऊन कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

माती पुसली. पुसली म्हणजे वरवर, फडक्याने. आणि मग होडीवर करतात तेच केलं. तुमच्याकडे डालड्याच्या डब्यात पिवळं ग्रीस असायचं, खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक सांध्यात ते बाहेर येईपर्यंत ठासलेलं असायचं. मी तसंच ग्रीस आणलं आणि ठासलं. टेबलावर चाकं लोण्यासारखी वळली. अण्णांनी दोनदा वळवून बघितली आणि खिडकीकडच्या टेबलावरचे खोके उचलायला लागले.

काल कलमवाले गाडी घेऊन सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर गेले. अण्णा आणि मी बरोबर होतो. जांभ्यावर गाडी चढली, उतरली, वळली, आणि चाकांखालची लाल धूळ त्या ग्रीसला चिकटत गेली. अर्ध्या तासात सांध्यांत चिखल झाला, पॉलिशच्या कागदासारखा खरखरीत. चाकं अडली, मोटर जोर लावत राहिली आणि मग धूर आला. कलमवाल्यांनी गाडी काखेत मारली आणि बागेकडे चालू लागले.

त्याआधी तिथेच अण्णांनी सांधा उघडून बोट आत घातलं होतं आणि ते लाल ग्रीस माझ्यासमोर धरलं होतं. "कोणी शिकवल्यान तुका ह्यां?"

मी म्हटलं, "माझ्या बापाशीन."

"मगे बापाशीक सांग, हो सडो आसा, दर्या नाय."

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी निघालो. झाडू जागेवर ठेवला. तुमच्यावर राग धरून इथवर चालत आलो, की तुमच्याकडून मिळालेली एकच गोष्ट होती आणि तीही जमिनीवर चालत नाही. इथे बसून वही उघडली ती खरं तर तुम्हाला तेच सुनावायला. पण लिहिता लिहिता ती दुपार पुढे आठवत गेली आणि मला कळलं की सुकाणू सोडवल्यानंतरचं मला काही आठवतच नाही. कारण मी तिथे नव्हतो. कुणीतरी किनाऱ्यावर मोठा मासा लागल्याचं ओरडत गेलं आणि मी धावलो. परत आलो तेव्हा तुम्ही हात पुसत होतात आणि डब्याला झाकण लावलेलं होतं. आधी रॉकेलने धुतलंत का, किती भरलंत, कुठे भरायचं नाही, ह्यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. विचारलंही नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार. वहीतच राहील, आणि वही मी कुठेतरी विसरेन. पण अण्णांपुढे मी खोटं बोललो, बाबा. तुम्ही मला ते शिकवलं नव्हतं. तुमचं नाव घेतलं, कारण तुम्ही नाही म्हणायला येणार नव्हतात.