वही नाही, म्हणून शून्य

माय, तू गेलीस तेव्हा मी दहावी नापास होतो, आजही तेवढाच आहे, आणि तरी अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात परीक्षक म्हणून बसतो. तिथं धानाच्या इथल्या जातींचा विषय नव्यानं सुरू झाला. खेड्यातल्या पोरांच्या घरचं ज्ञान वर्गात यावं, कॉलेज त्यांना आपलं वाटावं, हा हेतू. अभ्यासक्रम ठरवायला मलाही बोलावलं, कारण एकशे चौदा जातींच्या नोंदी माझ्याकडे आहेत, दाणा न् कुसळ मिलिमीटरपर्यंत मोजून केलेल्या. मीच नियम घालायला लावला : प्रत्येकानं शुद्ध मराठीत वही लिहायची, वही नाही तर गुण नाहीत.

परवा तोंडी परीक्षेला आपल्या तालुक्यातल्या प्रतापगडाकडची एक मुलगी आली. घरी गोंडी बोलणारी. तिनं गमछ्यातल्या सात लोंब्या टेबलावर मांडल्या आणि सांगत सुटली, कोणती खोल पाण्यात तगते, कोणत्या तांदळाची पेज बाळंतिणीला देतात. अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या बोलीत. पाचव्या लोंबीवर मी तिला थांबवलं. विचारलं, वही काऊन नाही?

"सर, आजीनं सांगतलं ते लिवाले बसलो त मराठीत अर्धंच उतरते. तुमी इचारा ना, मी सांगतो."

शेजारचे प्राध्यापक हसून म्हणाले, "घ्या, आता परीक्षा तुमची हाय." मी शून्य लिहिलं.

तेव्हापासून तुझी चूल दिसून राहिली आहे. मी बारा वर्षांचा, कुठलीशी शेतीची पुस्तिका तुला ऐटीत वाचून दाखवतो आहे. तू सूप खाली ठेवतेस, एक दाणा दाताखाली फोडतेस, तूस थुंकतेस. "वाचून राहिला, पाहून नाही राहिला. दाना तोंडात टाक आंदी." माझ्या सगळ्या नोंदी त्या दाण्यापासून सुरू झाल्या. तुला सहीसुद्धा येत नव्हती. माझ्या नियमानं तुलाही शून्यच पडलं असतं.

काल प्राध्यापकांचा फोन आला. या विषयात नापास झाली तर तिचं वर्ष जाईल, घरचे पुन्हा पाठवणार नाहीत. गुणपत्रक सोमवारी जातं, तोवर बदलता येईल. मी म्हणालो, एकीला सूट दिली तर रात्ररात्र जागून वह्या लिहिणाऱ्यांनी काय करायचं? ते म्हणाले, "हा विषय आपण कोणासाठी काढला होता?" मी फोन ठेवून दिला.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार, आणि पोहोचलं असतं तरी वाचून मलाच दाखवावं लागलं असतं. ज्यांना सांगायला हवं ते प्राध्यापक जिवंत आहेत, त्यांचा नंबरही समोर आहे, आणि मी तुला लिहीत बसलो आहे. ती पाचवी लोंबी, काळसर कुसळांची, मला ओळखता आली नाही, माय. पोरीनं तिचं नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा सांग म्हणायचं होतं. मी वही मागितली.