भात्याचा हात

नाशिक, मंगळवार, १९३४. दिवेलागण.

आज मी कुमुदवर जळले. सात वर्षांच्या पोटच्या पोरीवर! लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

देवळालीचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा ह्यांनी त्याचा पियानो घेतला. शिकवणार कोण? मीच. माहेरी दादाची पेटी चोरून वाजवायची, तेवढीच माझी विद्या. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता हलवतो. पियानोला भाता नाही, पण माझ्या डाव्या हाताला ते पटतच नाही. मांडीवर आपला हलत राहतो. म्हणून चार महिने कुमुदलाही एकाच हाताने शिकवलं.

आज तिने दोन्ही हातांनी वाजवलं. कुणी न सांगता! डाव्या हाताने खर्जातले सूर असे धरले की हे चहा अर्धा ठेवून उठून आले. "पोरीच्या बोटांत जादू आहे," म्हणाले. शिकवलं कुणी, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मी बसले. कुमुद हसली. "आई, तुझा डावा हात वारा कुणाला घालतोय? थांब, उजव्याचं तू वाजव, डाव्याचं मी वाजवते."

किती प्रेमाने म्हणाली. आणि मी? "पुरे आता, परवचा म्हण," म्हणत झाकण लावलं. तिने बोटं कशीबशी काढून घेतली.

माहेरी मी पेटीवर सापडले की अप्पा झाकण लावायचे. अगदी असंच, बोटं आत आहेत की नाहीत ते न बघता.