जास्तीची गोळी

आबा, लिहायला बसल्यापासून चारदा उठले. स्वस्थता नाही. काल आत्याला घेऊन नगरला गेले होते. तुमचंच दुखणं, कंपवात, तिच्याही मागं लागलंय, काही वर्षं झाली. आता गोळी घेतली की थोड्या वेळानं तिचे खांदे हलतात, मान वळते, पाय आपोआप फिरतो. "माझ्या भावासारखंच होतंय बघ," म्हणते.

डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हालचालीसाठी डोपामिन लागतं, आणि ते बनवणाऱ्या, जपून सोडणाऱ्या पेशीच या आजारात मरत जातात. गोळीतून ते मिळतं, पण साठवायला जागा उरत नाही. "टाकीच राहिली नाही, मोटार चालू केली की सगळं पाणी थेट वावरात," त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं असं कधी फार, कधी काहीच नाही, असं चाललं की पुढच्या पेशी हुळहुळ्या होतात. मग जरा जास्त पडलं की अंग ताब्यात राहत नाही. मी मान डोलवत होते आणि डोळ्यांपुढं माझ्या शाळेची भिंत होती.

कर्जतातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या. मला नेवाशाला नोकरी लागली, तेव्हा शाळेचं नाव तुम्हीच रंगवायचं, हा माझा हट्ट. "हात ऐकत न्हाई गं आता," तुम्ही म्हणालात. मी ऐकलं नाही. माझ्या खोलीवर मुक्कामाला आणलं, आणि सकाळी शाळेत चहाबरोबर एकीच्या जागी दोन गोळ्या तुमच्या हातावर ठेवल्या. तुम्ही न बघता गिळल्या.

हाताचा कंप खरंच थांबला. तुम्ही स्टुलावर चढलात, पहिली दोन अक्षरं कशी कोरल्यासारखी उतरली! तिसऱ्याला खांदा उसळला. कंबर डुलायला लागली, ब्रश भिंतभर ओढला गेला. मी धरून खाली उतरवलं. हेडमास्तर हळूच म्हणाले, "वडील घेतात का?" उभ्या जन्मात तुम्ही थेंबाला शिवला नव्हता. मी पडलेला ब्रश उचलायला वाकले, आणि तुम्ही ते ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत तुम्ही विचारलंत, "मला काय झालं गं? म्या काय वावगं खाल्लं का?"

"वय झालं, आबा."

तुम्हाला ते पटलं. घरी जाऊन ब्रश रॉकेलमध्ये धुतलेत, फडक्यात गुंडाळलेत, आणि जाईपर्यंत पुन्हा बाहेर काढले नाहीत. आपल्याच हातातली कला गेली, असं धरून बसलात.

हे पत्र आत्यालाही दाखवणार नाही. काल निघताना डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "भावाला कधी कुणी मनानं डोस वाढवून दिला होता का?" आत्या माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "नाही." एवढ्या वर्षांनीसुद्धा, आबा, जरासुद्धा न अडखळता.