गजलक्ष्मीची साधी सर्व्हिस

२० सप्टेंबर, शनिवार

निर्णय झाला. सोमवारी गजलक्ष्मी सर्व्हिसला द्यायची. सीझनच्या आधी गाडी फिट पाहिजे. असलं मॅनेजमेंट मला कुणी शिकवलेलं नाही, आपोआप सुचतं.

परिस्थिती अशी आहे. ट्रक शेषगिरी भावोजींचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा. छोटाच आहे, पण समोर काचेवर ‘गजलक्ष्मी’ असं ऐटीत लिहिलंय. भावोजींनी राइस मिल बंद केल्यावर तो त्यांच्या अंगणात नुसता उभा होता. मी मागून घेतला. तेव्हापासून ड्रायव्हर विघ्नेश तो रस्त्यावर चालवतो आणि मी फोनवर चालवते. आता भावोजींनी गिऱ्हाईक शोधलंय. मी म्हटलं, आयुधपूजेचा सीझन बघा आणि मग ठरवा. ते म्हणाले, बरं. त्या ‘बरं’मध्ये ट्रक विकून झाला होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तुळजाजीकाकांची ऑर्डर पक्की आहे. बाजारात त्यांचं पूजासामानाचं दुकान. पूजेच्या आदल्या दिवशी तिरुवैयारुच्या मळ्यातून ट्रकभर केळीचे खुंट आणून द्यायचे. त्या दिवशी तंजावुरात खुंट न बांधलेलं दुकान नसतं, गॅरेज नसतं, ऑटोसुद्धा नसते. ही एक खेप नीट झाली की गजलक्ष्मी आमच्याकडेच राहिली.

सर्व्हिसचं सांगितल्यावर विघ्नेश म्हणाला, पूजा होऊ दे की अक्का, गाडी काय रडतेय का? ह्यांनीही तेच म्हटलं. आमच्या लेकीनेही, नित्याने, तेच, पण तमिळमध्ये, मोबाइलमधून मान वर न काढता. तिघांचं एकमत झालं तेव्हाच माझी खात्री पटली की मी बरोबर आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

सोमवारचा राहुकाळ सकाळचा. तो टळल्यावरच ट्रक शोरूमच्या गेटातून आत घातला. सुरुवात शुभ.

तिथला सर्व्हिस अॅडव्हायझर कार्तिकेय. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, फार अदबीचा. म्हणाला, साधी सर्व्हिस मॅडम, ऑइल, फिल्टर, वॉटर वॉश. संध्याकाळी घेऊन जा. मग म्हणाला, मालकांच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा.

मालक भावोजी. फोन करावा लागला. त्यांनी विचारलं, ओटीपी कसला? ट्रक तिकडे काय करतोय? आत्ता? मी म्हटलं, रुटीन. पलीकडे ते बराच वेळ खोकले. तो खोकला नव्हता असं मला वाटतं.

कस्टमर लाउंजमध्ये एसी आहे. कॉफी फुकट.

रात्री : फिल्टर स्टॉकमध्ये नाही. त्रिचीहून येतोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

फिल्टर आला. दुसऱ्या मॉडेलचा.

मी म्हटलं, मग जुनाच बसवून द्या. कार्तिकेय म्हणाला, जुना कचऱ्यात गेला मॅडम, आणि ऑइलही काढलंय. म्हणजे ट्रक आता धड जुनाही नाही आणि नवाही नाही.

कडक बोलले. ‘असं करू नका हं’ असं म्हटलं. तो म्हणाला, सॉरी मॅडम, कॉफी घेता? घेतली. नाही म्हटलं असतं तर राग आलाय असं वाटलं असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरात नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडलाय. रोज संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येतात, सुंडल खातात, बाहुल्यांचं कौतुक करतात आणि जाताना विचारतात, अगो, ट्रक दिसत नाही? मी सांगते, सर्व्हिसला आहे. त्या ‘असं होय’ म्हणतात, आजाऱ्याची चौकशी केल्यासारखं.

हातात काम ठरत नाही. हॉर्न वाजला की खिडकीशी जाते. आज चार वेळा दूधवालाच निघाला. पाचव्यांदा गेलेच नाही, तर ती नित्याची कॉलेजची बस होती आणि तिला घरची किल्ली हवी होती.

एक गोष्ट लिहून ठेवते. विघ्नेशच्या शेजारच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा आमच्याच रस्त्यावरच्या घरांच्या भिंतींपलीकडचं दिसलं. कुणाकडे जास्वंद आहे, कुणी वाळवण घातलंय. इतकी वर्षं त्या भिंतींना लागून चालत होते, आणि ते आत होतंच की. त्या दिवशी मळ्यावरचा माणूस विघ्नेशला म्हणाला, तुमच्या मुदलाळी अक्कांना विचारा. मुदलाळी म्हणजे मालक. मागे वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं.

असो. भावनेच्या भरात बिझनेस होत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बरोबर फिल्टर आला. पण गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा त्यांना क्लचप्लेट दिसली. ती म्हणे बदलायला झालीय. मी विचारलं, सोमवारी का नाही दिसली? कार्तिकेय म्हणाला, सोमवारी आम्ही फक्त ऑइल बघत होतो मॅडम. मुद्दा पटण्यासारखा होता.

पुन्हा ओटीपी. भावोजी म्हणाले, संगीता, क्लचबिच काही करू नकोस, घेणारा करील काय ते. मी त्यांना ठणकावून सांगितलं की घेणारा वगैरे कोणी नाही, गाडी विकायची नाहीच. फोन ठेवल्यावर सांगितलं. ओटीपी त्याआधीच मिळाला होता, म्हणजे काम झालं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

मोठी बातमी! शोरूमची ऑर्डर मिळाली. कार्तिकेय स्वतः म्हणाला, मॅडम, तुम्ही केळीचे खुंट आणता ना, आमच्या पूजेला दोन चांगले द्या, घड असलेले. मंगळवारी दुपारी आमची पूजा, बुधवारी सुट्टी.

कॉर्पोरेट क्लायंट. हे म्हणाले, खुंट आणणार कशातून? काही लोकांना मोठं चित्र दिसतच नाही.

जाताना कार्तिकेयने हळूच सांगितलं की हेड ऑफिसातून फोन येईल, सर्व्हिस कशी वाटली विचारतील, दहापैकी दहा सांगा, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो, बाळ लहान आहे. संध्याकाळी फोन आला. दहा सांगितले. बाई म्हणाल्या, गाडी मिळाली ना मॅडम? मी हो म्हटलं. ही स्ट्रॅटेजी आहे. आता तो माझ्या उपकारात आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

क्लच बसवणारा माणूस मेव्हण्याच्या घरी कोलू बघायला गेलाय, कुंभकोणमला. उद्या सकाळी येतो.

तुळजाजीकाकांनी फोन केला. म्हणाले, काय गो, देवीला सांगू का जरा थांब म्हणून, संगीताची गाडी लिफ्टवर आहे? मी म्हटलं, काका, उद्या संध्याकाळी तुमच्या दारात ट्रक उभा. ते म्हणाले, ट्रक नको मला, मी काय ट्रक विकतो? खुंट पाठव.

विघ्नेश आला होता. काकांच्या पुतण्याला ट्रक मिळालाय पण ड्रायव्हर नाही, दोन दिवस जाऊ का, म्हणून विचारत होता. आठ दिवस घरी बसून आहे बिचारा, बायको टोचत असणार. मी म्हटलं, नाही, उद्या आपलीच गाडी येतेय. तो ‘सरी अक्का’ म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं पाणी हवंय. दिलं. प्याला आणि गेला.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुपार

कार्तिकेयचा फोन. गाडी तयार!! कोण म्हणत होतं नियोजन चुकलं?

हिशोब : ट्रक घ्यायचा, विघ्नेशने थेट तिरुवैयारु गाठायचं, मळ्यात माल तोडून ठेवलेलाच आहे. दिवेलागणीला बाजारात. लोक खुंट रात्रीपर्यंत घेतात, काही तर उद्या सकाळीही.

शोरूमचे दोन खुंट मी बाजारातून विकत घेतले आणि ऑटोत घातले. दोन्ही बाजूंनी पानं बाहेर. मधे मी. ऑटोवाला म्हणाला, अम्मा, लग्न कुठे आहे?

त्याच दिवशी, रात्र

शांतपणे लिहिते.

पोचले तेव्हा विघ्नेश गेटाशी होता. ट्रक धुऊन चकचकीत. कार्तिकेयने चावी माझ्या हातात दिली. घड्याळ बघितलं तर तीन वाजून गेलेले. मंगळवार. राहुकाळ.

विघ्नेश म्हणाला, अक्का, गाडी जुनीच आहे, नवीन घेतोय का आपण? निघू या. पण आठ दिवसांनी लक्ष्मी घरी न्यायची आणि ती राहुकाळात? या एका खेपेवर सगळं ठरायचंय. ह्याच खेपेला मी धोका कसा घेईन? म्हटलं, साडेचारला निघू. दीड तासाने काय बिघडतं.

लाउंजमध्ये बसले. माझे खुंट दाराला बांधत होते. घड मोठे होते, सगळ्यांनी कौतुक केलं. मग मेकॅनिक आले, हातपाय धुतलेले, कपाळाला विभूती. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक, सगळं पुसून देवीच्या तसबिरीपुढे ओळीने मांडलं. कॅश काउंटरच्या कॉम्प्युटरलाही गंध लावलं. इतकं छान वाटत होतं. कार्तिकेय ताट घेऊन फिरत होता, जो तो आपापल्या गाडीची चावी त्यात ठेवत होता. माझ्यापुढे आला. मी पण ठेवली. डोळेसुद्धा मिटले.

आरती झाली, मुरमुरे वाटले, साडेचार वाजले. मी म्हटलं, चावी द्या. कार्तिकेयचा चेहरा पडला. म्हणाला, मॅडम, देवीपुढे ठेवलेलं पुनर्पूजेशिवाय कसं उचलायचं? ती परवा, विजयादशमीला सकाळी, पुजारी येऊन करतील. पण परवा शोरूम बंद, गांधी जयंती. शुक्रवारी या. आणि मग म्हणाला, तुम्हाला काय सांगायचं मॅडम, तुम्ही तर राहुकाळसुद्धा पाळता.

बरोबरच आहे त्याचं. आमच्या घरीही असंच. ज्ञान असो, हत्यार असो, एक दिवस त्याला विसावा. देवीच्या ताटातून चावी ओढून घेणारी बाई मी नाही. ताटात ठेवणारी मात्र आहे.

विघ्नेश गेटाबाहेर गेला, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि येणाऱ्या बसला हात केला. तिरुवैयारुची बस होती. त्याच्यासाठी चांगलंच झालं. मीच त्याला जा म्हणणार होते.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

घरात सगळ्यांनी आपापलं हत्यार पूजेत ठेवलं. ह्यांनी लॅपटॉप, नित्याने पुस्तकं. मला नित्या म्हणाली, अम्मा, तू काय ठेवणार? मी फोन ठेवला. बिझनेसचं हत्यार तेच. शिवाय दिवसभर उचलायचा नाही हे बरंच झालं, काकांचे फोन आले असते.

तीन वेळा वाजला. देवीपुढेच वाजत राहिला.

संध्याकाळी बाजारातून चक्कर मारली. प्रत्येक दुकानाला खुंट होते. आले कुठून कोण जाणे, पण होते. थोडं वाईट वाटलं. माझ्यावाचून एखादं दार तरी मोकळं राहील असं वाटलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पुनर्पूजा करून फोन उचलला. मिस्ड कॉल काकांचे नव्हते. भावोजींचे होते, तिन्ही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रक मिळाला. विघ्नेश येऊ शकला नाही. काकांच्या पुतण्याने त्याला कायमचाच ठेवून घेतलं. मी त्याला मनाने मोकळं केलं. शोरूमच्या ड्रायव्हरने ट्रक घरी आणून लावला आणि तो बसने परत गेला.

गाडी सुंदर झालीय. इंजिन सुरू केलं की आवाज येतो की नाही कळत नाही. दिवसभर सुरू केलं नाही, मला येत नाही.

विचार करतेय ड्रायव्हिंग शिकावं. दिवाळीच्या सीझनआधी सहज होईल. उद्या क्लास बघते.

४ ऑक्टोबर, शनिवार

क्लास बघायचा राहिला. भावोजी गिऱ्हाईक घेऊन आले. सतीशकुमार नावाचे, मन्नारगुडीचे, नारळाचा व्यापार. मी ठरवलं होतं की स्पष्ट सांगायचं, आणखी एक सीझन द्या.

सतीशकुमारांनी बॉनेट उघडलं, क्लच दाबून बघितला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, शोरूममध्ये केलीय वाटतं, फर्स्ट क्लास. काहीच घासाघीस केली नाही. भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, ही आमच्या संगीताची कल्पना. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही, म्हणून आज ही किंमत येतेय.

या घरात आल्यापासून भावोजींनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मला आनंद झाला. खरं लिहायचं तर खूपच झाला. त्या आनंदात मी सगळ्यांना कॉफी केली, आणि सीझनचं बोलायचं आठवलं तेव्हा ते पेले ठेवून उठले होते.

म्हणजे सर्व्हिसचा निर्णय अगदी बरोबर होता.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी न्यायला आले. रविवारचा राहुकाळ संध्याकाळी, त्यामुळे थांबवायला काही कारण नव्हतं.

सतीशकुमार स्वतःच चालवणार होते. मी म्हटलं, मला कोपऱ्यावर काम आहे, तिथपर्यंत येते. ते म्हणाले, या की अक्का, तुमचीच गाडी. चढले. सकाळी लवकर वाळवणं नव्हती कुठे, पण जास्वंदी सगळीकडे उघडल्या होत्या. एका गच्चीवर एक बाई केस वाळवत होती. तिने बघितलं. मी हात केला. तिनेही केला, कोण आहे ते न कळता.

कोपरा लगेच आला. सतीशकुमारांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, इथेच ना अक्का?

इथेच, म्हटलं आणि उतरले.

काम काही नव्हतं. भाजीवाली बसली होती, तिच्याकडून कोथिंबीर घेतली. घरी कोथिंबीर होती.