दहा हजार फुटांच्या खाली

सोमवार, ३ मार्च

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीचं वाटोळं केलं! विचारलं नाही की सवरलं नाही. सूनबाईंनी विमानात वैमानिक बसतो तिथल्या चित्राचा हा एवढा मोठा कागद डकवलाय. नुसती बटणं आणि घड्याळं! समोर जेवणाच्या दोन खुर्च्या. "आई, तुम्ही डावीकडे बसा. ती कॅप्टनची जागा." या घरात मला पहिल्यांदा मान मिळाला, तोही कागदी.

विमान चालवताना तपासायच्या गोष्टींची यादी मी वाचायची, उत्तर तिनं द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मी चौथीत शाळा सोडलेली. नातीनं मोठ्या अक्षरात लिहून दिलं म्हणून निभावलं.

बुधवार, ५ मार्च

त्रेचाळिसाव्या वर्षी वैमानिक व्हायचं म्हणजे घोडनवरीच की! बरोबरची पोरं तिला काकू म्हणतात. इतकी वर्षं विमानतळावर लोकांच्या बॅगा तोलल्या, लोकांना वर पाठवलं. आता हिला जायचंय.

गेल्या महिन्यात नापास झाली. जमिनीवरच एक खोटं विमान असतं, त्यात परीक्षा. चालवण्यात चूक नव्हती. मास्तर म्हणाला, "तुम्ही शेजारच्याला तोंडच उघडू देत नाही. त्यानं विचारायच्या आत तुमचं उत्तर तयार. त्याचंही काम तुम्हीच करून मोकळ्या."

करणारच! चार वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव "जरा मोकळा श्वास घेऊन येतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच. कसला श्वास, अजून घेतोच आहे! तेव्हापासून शाळा विचारो, शेजारीण विचारो, त्याच्या वाटची उत्तरं हीच देते. "बाहेरगावी आहेत. काम वाढलंय." जित्याची खोड, परीक्षेत कशी सुटेल?

अठरा तारखेला शेवटची संधी. पुन्हा नापास झाली तर कंपनी घरी पाठवणार.

रविवार, ९ मार्च

वाचता वाचता तिला भाजीवाल्याची लबाडी सांगत होते. तर म्हणते कशी — "आई, आपण दहा हजार फुटांच्या खाली आहोत. इथं कामाशिवाय बोलायचं नसतं."

सासरच्या अख्ख्या गोतावळ्याला जे जमलं नाही ते हिनं एका वाक्यात केलं. गप्प बसले!

पण घाई सुटत नाही. मी "चा" म्हटलं की ही "खाली". अगं, मला "चाकं" तरी म्हणू दे! लाटणं आपटलं ओट्यावर.

बुधवार, १२ मार्च

आज थांबली. प्रत्येक ओळीला. तिला काही बोलले नाही, उगाच चढून बसायची.

शुक्रवार, १४ मार्च

मी बसते ती खुर्ची आमच्या चिरंजीवांची. लहानपणी मागे झोके घेऊन घेऊन पाय ढिला केलाय, अजून डुगडुगते. सूनबाई म्हणाली, "आई, आज हवा खराब आहे वाटतं." दोघी हसलो. मग दोघींनाही आठवलं कुणामुळे हलते ते. यादी तिथंच राहिली.

जिना वाजला की कान तिकडेच जातात. दोन-दोन पायऱ्या चढायचा मेला. अशा पोराला जन्म द्यावा आणि वर त्याचीच वाट बघावी! डोक्याला कळतं. आतड्याला अक्कल नाही.

सोमवार, १७ मार्च

दुपारी घरातला फोन वाजला.

"आई, मी."

आवाज तोच, जरा बसलेला. "तिला दे ना. मला परत यायचंय."

सूनबाई अंघोळीला गेलेली. आतून पाण्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर आली असती. आणि उद्या परीक्षा!

विचारायचं होतं, जेवतोस ना वेळेवर? खोकला गेला का? कुठं राहतोस, कोण करून घालतं? जीभ दाताखाली धरली.

म्हटलं, "आम्ही दहा हजार फुटांच्या खाली आहोत. आता बोलता यायचं नाही."

"काय? आई, तू बरी आहेस ना?"

ठेवला फोन. आमच्या या जुन्या डब्यावर नंबर दिसत नाही. परत लावायचा म्हटला तरी कुठं लावणार?

ती केस पुसत आली. "कोण होतं?"

"चुकून लागला कुणाचा तरी."

मग यादी घेऊन बसलो. "चाकं" म्हणताना माझाच आवाज अडकला. ती थांबली. मी अख्खा शब्द म्हणेपर्यंत थांबली.

मंगळवार, १८ मार्च

पास!! मास्तर म्हणाला, "आज तुमच्या शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटलं."

नात घरभर नाचली. ती झोपायला गेल्यावर सूनबाईंना कालचा फोन सांगितला. म्हटलं, आता शिव्या घालायच्या तर घाल.

कागदावरच्या बटणांकडे बघत बसली. मग म्हणाली, "काल कळलं असतं तर आज तिथं बसून त्यांच्याच प्रश्नांची उत्तरं शोधत बसले असते." माझ्या पायांवरची शाल सारखी केली आणि गेली.

रविवार, ३० मार्च

त्याचा फोन नाही. दोनदा उचलून बघितला, बंद तर नाही पडला? चांगला चालू होता मेला.

आता परत करेल कशाला? आईनंच तोंडावर ठेवला.

सूनबाई पुढच्या महिन्यात विमानावर रुजू होणार. भिंतीवरचा कागद काढायला निघाली होती. मी काढू दिला नाही. म्हटलं, भिंत उघडी दिसेल.

शनिवार, १२ एप्रिल

फोन आला. संध्याकाळी येतोय.

सकाळपासून त्याच्या आवडीची भाजी निवडतेय. आतडं, दुसरं काय! पण घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. दार मी उघडणार. डावी खुर्ची मी सोडणार नाही, त्यानं स्टुलावर बसायचं. कुठं होतास, का गेलास, पोरीच्या आजारपणात कुठं मेला होतास — यादी मी वाचणार. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही, आणि ताटही नाही. प्रत्येक ओळीला उत्तर त्यानंच द्यायचं. सूनबाईंनी तोंड उघडायचं नाही.